यूआय लायब्ररी निवडायची तर आधी सगळ्यात अवघड स्क्रीन बांधून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार जणांची टीम आहे, रिॲक्ट आणि टाइपस्क्रिप्ट ठरलेलं आहे, डिझायनर आहे पण अर्धवेळ. आधी कंपनीतल्याच लोकांसाठी ॲडमिन पॅनल करायचं आहे, त्यात मोठमोठी टेबलं आणि लांबलचक फॉर्म. मग काही महिन्यांनी ग्राहकांसाठी पोर्टल. बटणं, फॉर्म, टेबलं असे स्क्रीनचे भाग (कंपोनंट) तयार देणाऱ्या यूआय लायब्रऱ्यांपैकी एमयूआय, अँट डिझाइन, चक्रा, मँटीन आणि शॅडसीएन यांतलं काय घ्यावं, की नुसत्या टेलविंडवर, म्हणजे तयार सीएसएस क्लासांवर, भागेल? आणि वर मॅनेजरांची अट, ‘पाच वर्षं बदलावं लागणार नाही असं काहीतरी बघा.’

ही पाच वर्षांची अट कुठलीच लायब्ररी पुरी करणार नाही, हे मॅनेजरांच्या कानावर आजच घालून ठेवा. बाकीच्या प्रश्नाला उत्तर आहे, पण ‘सगळ्यात चांगली कोणती’ असं विचारून ते मिळत नाही. डेमोच्या पानावर या सगळ्याच छान दिसतात. बटण, कार्ड, बॅज, टॅब कुणीही बरे करतं. ठरवायचं असतं ते हे की स्क्रीनवरचं कुठलं काम दुसऱ्याच्या कोडवर सोपवायचं आणि कुठलं आपल्या हातात ठेवायचं. ते ठरलं की तुमच्या यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

लायब्ररी आपल्याला दोन गोष्टी देते. एक दिसणं: रंग, कडा, सावल्या, अंतरं. दुसरी वागणं: क्लिक केल्यावर, टॅब दाबल्यावर, एस्केप दाबल्यावर, स्क्रीन रीडर लावल्यावर काय होतं. निवड करताना सगळी चर्चा दिसण्यावर होते, कारण ते डोळ्यांसमोर असतं. पैसे आणि वेळ जातो तो वागण्यात.

शोधता येणारा ड्रॉपडाउन घ्या. वरवर बघता एक इनपुट आणि खाली एक यादी, दुपारभराचं काम. आता माउस बाजूला ठेवा. खालच्या बाणाने यादीत उतरायचं, पण फोकस इनपुटमध्येच राहिला पाहिजे, नाहीतर टाइप करणं तुटतं. म्हणजे आत्ता कुठल्या पर्यायावर आहोत हे स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) एरिया ॲट्रिब्यूटमधून, म्हणजे त्याच्यासाठी एचटीएमएलमध्ये ठेवलेल्या खुणांमधून, वेगळं कळवावं लागतं. एस्केपने यादी मिटली पाहिजे, पण हाच ड्रॉपडाउन मोडलमध्ये (पानाच्या वर उघडणाऱ्या चौकटीत) असेल तर त्याच एस्केपने मोडल मिटता कामा नये. मोडलला ओव्हरफ्लो हिडन (कडेबाहेरचं लपवा) असेल तर यादी अर्धी कापली जाते, म्हणून ती रिॲक्टच्या ‘पोर्टल’ नावाच्या सोयीने (तुमच्या ग्राहक-पोर्टलशी याचा संबंध नाही) थेट पानाच्या बॉडीमध्ये नेऊन लावायची. तशी लावली की ‘बाहेर क्लिक झालं, बंद करा’ हा मोडलचा नियम यादीवरच्या क्लिकलाही बाहेरचाच समजतो आणि फॉर्म भरता भरता सगळा मोडलच गायब होतो. खाली जागा नसेल तर यादी वर उघडायला हवी. मोबाइलचा कीबोर्ड वर आला की हे गणित पुन्हा बदलतं.

हे सगळं जमलं की कुणीतरी त्यात मराठीतून टाइप करतं. लिप्यंतर करणाऱ्या कीबोर्डवर सुचवलेला शब्द घ्यायला एंटर दाबला जातो. शब्द अजून पुरा झालेला नसतो, पण आपला कोड त्या एंटरला ‘हा पर्याय निवडा’ समजतो आणि भलतंच नाव निवडून मोकळा होतो. शब्द अजून जुळवला जातोय की नाही हे ब्राउझर सांगतो. पण ते विचारावं लागतं हेच आपल्याला पहिली तक्रार येईपर्यंत माहीत नसतं. जपानी आणि चिनी वापरणाऱ्यांना हा त्रास रोजचा असल्यामुळे मुरलेल्या लायब्रऱ्यांत हा बग बहुधा कधीच निपटलेला असतो.

एका ड्रॉपडाउनची ही कथा. तारीख निवडायचं कॅलेंडर, आत उपमेनू असलेला मेनू आणि संपादन करता येणारं टेबल यांच्या कथा याहून लांब आहेत. म्हणून ‘नुसत्या टेलविंडवर भागेल का’ याला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. टेलविंड उत्तम आहे, मी रोज वापरतो, पण ती कंपोनंट लायब्ररी नाहीच. ती तुम्हाला दिसणं लिहायची सोय देते, वागण्याबद्दल तिच्यात एक ओळही नाही. टेलविंडचा निर्णय आणि कंपोनंटचा निर्णय वेगवेगळे घ्या.

उलट बाजूही सांगतो, कारण काही कंपोनंटसाठी आता लायब्ररी लागत नाही. एचटीएमएलमधला डायलॉग टॅग २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतो. मोडल म्हणून उघडला की मागचं पान निष्क्रिय करणं, एस्केपने बंद होणं, सगळ्यांच्या वरच्या थरात दिसणं हे ब्राउझर फुकटात करतो. उघडमीट करायला डिटेल्स टॅग आहे, लहान तरंगत्या चौकटींना पॉपओव्हर आलं आहे. साधा सिलेक्ट, ज्यात आठ-दहाच पर्याय आहेत, तो तर ब्राउझरचाच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. मोबाइलवर त्याच्याइतका सरावाचा दुसरा कुठला नसतो. डिझायनर थोडे नाराज होतात, वापरणारे होत नाहीत.

आता तुमच्या यादीकडे. ही पाच नावं एका जातीची नाहीत. एमयूआय, अँट, मँटीन, चक्रा या तयार कपड्यांसकट येतात: दिसणं आणि वागणं दोन्ही. रॅडिक्स, अडोबीचं रिॲक्ट एरिया, हेडलेस यूआय, बेस यूआय या जातीत, म्हणजे हेडलेस लायब्रऱ्यांत, नुसतं वागणं मिळतं, कपडे तुम्ही शिवायचे. शॅडसीएन तिसराच प्रकार आहे. तिथे कंपोनंटचा कोड कमांड चालवून तुमच्या रेपोमध्ये (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यात) उतरतो आणि तिथून पुढे तो तुमचा. दिसणं टेलविंडमध्ये लिहिलेलं, खाली वागण्यासाठी रॅडिक्ससारखी हेडलेस लायब्ररी. ‘शॅडसीएन म्हणजे डिपेंडन्सी नाही’ असं जे ऐकू येतं ते अर्धंच खरं आहे. वरचा थर तुमचा झाला, खालचा पॅकेज म्हणूनच राहिला. आणि वरच्या थरात पुढे काही सुधारणा झाली तर अपग्रेड नावाचा प्रकार नाही, ती डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) बघून तुम्हीच हाताने आणायची. चार जणांच्या टीमला हे झेपतं. पण हे कुणाच्या तरी नावावर असायला हवं, नाहीतर वर्षभराने रेपोमध्ये तीन तऱ्हेची बटणं सापडतात.

यातली कुठली जात घ्यायची हे कशावर ठरतं? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक पडतो तो डिझायनरच्या एका उत्तराने. त्यांना सरळ विचारा: लायब्ररीचं मूळ रूप घेऊन रंग, फॉन्ट आणि कडांची गोलाई एवढंच बदललं तर चालेल का? ‘हो’ मनापासून आलं तर तयार कपड्यांची लायब्ररी घ्या आणि सुखी व्हा. ‘चालेल, पण हा इनपुट जरा वेगळा हवा, लेबल आत नको, एरर उजवीकडे हवा’ असं आलं तर ते ‘नाही’ आहे, असं समजा. तयार लायब्ररीशी भांडण नेहमी असंच सुरू होतं. पहिल्या महिन्यात थीममधून सगळं होतं. मग एक बदल थीममधून होत नाही, म्हणून लायब्ररीच्या आतल्या क्लासवर सीएसएस लिहिलं जातं. मग दुसरा, त्याला इम्पॉर्टंट लावावं लागतं. पुढच्या मेजर व्हर्जनला आतली रचना बदलते आणि हे सगळं एका रात्रीत निकामी होतं. आतला क्लास तसाच राहील असं वचन कुणी दिलेलं नसतं. लायब्ररीवाले तो कधीही बदलू शकतात आणि त्यांची चूकही नसते. जुना प्रोजेक्ट हातात आला की मी आधी अशा ओळी शोधतो. त्यांच्या संख्येवरून भांडण किती पुढे गेलंय ते कळतं.

देवनागरी लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची तपासायची. एमयूआयच्या बटणाच्या मूळ स्टाइलमध्ये अक्षरं कॅपिटल करणं आणि अक्षरांमध्ये थोडी जागा सोडणं, हे दोन्ही असतं. कॅपिटल करण्याचा देवनागरीवर काही परिणाम नाही. पण अक्षरांतल्या जागेमुळे शिरोरेषा तुटते. काही फॉन्टमध्ये जाणवत नाही, काहींमध्ये ‘जतन करा’ हे दातेरी दिसतं. थीममध्ये लेटर स्पेसिंग शून्य करायचं, एका ओळीचं काम. दुसरं, ठरावीक उंचीची बटणं आणि चिपा. त्यांची लाइन हाइट रोमन अक्षरं डोळ्यासमोर ठेवून ठरवलेली असते, त्यामुळे वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जाऊ शकतो. डेमोमध्ये ‘सेव्ह’ हा शब्द इंग्रजीत बघून निवड करू नका. तुमच्या स्क्रीनवरचा सगळ्यात लांब मराठी शब्द टाकून बघा.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा तपशील तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिला आहे: टेबलात डावीकडचे कॉलम गोठवलेले हवेत, ओळीच्या आत ओळ उघडायला हवी, जागेवर संपादन हवं आणि एक्सेलमध्ये काढता यायला हवं. ॲडमिन पॅनलमध्ये लायब्ररीची निवड म्हणजे नव्वद टक्के टेबलाची निवड असते, असं मी म्हणेन. (टक्केवारी माझी, मोजमाप नाही.) बटणांवर तीन दिवस चर्चा करून टेबलाचं ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या टीम मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

इथे लायसन्स वाचायला बसा. एमयूआयची मूळ लायब्ररी एमआयटी लायसन्सखाली मोफत आहे, पण तिचा डेटा ग्रिड वेगवेगळ्या पातळ्यांत येतो. मोफत पातळीत एका वेळी एकाच कॉलमवर सॉर्टिंग होतं आणि एका पानावर १०० ओळींची मर्यादा आहे. कॉलम गोठवणं प्रो पातळीत आहे. ओळींचे गट आणि एक्सेलमध्ये निर्यात प्रीमियममध्ये. एजी ग्रिड या टेबल लायब्ररीचंही तसंच: गाभा मोफत, ओळींचे गट आणि एक्सेल निर्यात एंटरप्राइजमध्ये. पैसे देण्यात काही वाईट नाही. जे टेबल लिहायला तुमचे दोन जण तीन महिने अडकतील ते विकत घेणं स्वस्तच पडतं. पण ते आज ठरवून घ्यावं. अर्धं पॅनल बांधून झाल्यावर ‘कॉलम गोठवायला परवाना लागतो’ हे कळलं तर ते पैसे मंजूर करून घेणं म्हणजे वेगळाच प्रोजेक्ट होतो. अँट डिझाइनच्या टेबलात गोठवलेले कॉलम, उघडणाऱ्या ओळी आणि हजारो ओळींसाठी व्हर्च्युअल स्क्रोल हे मोफतच येतं. जागेवरचं संपादन मात्र उदाहरण बघून तुम्हाला जोडावं लागतं आणि एक्सेलसाठी वेगळं पॅकेज. टॅनस्टॅक टेबल हा हेडलेस पर्याय: सॉर्टिंग, फिल्टर, गट यांचं सगळं गणित तो करतो, पण पडद्यावर एक रेघही काढत नाही. टेबलाचं दिसणं अगदी आपल्या मनासारखं हवं असेल तर याहून चांगलं मला माहीत नाही. घाई असेल तर नको.

आता ‘पाच वर्षं’. कंपोनंट लायब्ररी मरते ती क्वचितच. बहुतेकदा ती इतकी बदलते की ओळखू येत नाही. एमयूआय सप्टेंबर २०२१ मध्ये चौथ्यावरून पाचव्या व्हर्जनवर गेली तेव्हा स्टाइल लिहिण्याची खालची यंत्रणाच बदलली आणि पॅकेजची नावंही. कोडमॉड (कोड आपोआप बदलून देणाऱ्या स्क्रिप्ट) मिळाले, तरी ज्यांच्या स्टाइल जुन्या पद्धतीने फाइलीफाइलींत पसरल्या होत्या त्यांना हाताने बरंच करावं लागलं. चक्राचं तिसरं व्हर्जन ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं आणि कंपोनंट लिहिण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी बदलली. मार्च २०२५ मध्ये स्टाइल्ड कंपोनंट्स या सीएसएस लिहायच्या लायब्ररीवाल्यांनी आता फक्त देखभाल, असं जाहीर केलं. व्ह्यू या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या जगात तर याहून बोलकं उदाहरण आहे. व्ह्यू ३ सप्टेंबर २०२० मध्ये आलं, त्यावर चालणारं व्ह्यूटिफाय या यूआय लायब्ररीचं स्थिर व्हर्जन यायला २०२२ ची अखेर उजाडली. मधली दोन वर्षं, ज्यांचं सगळं ॲप व्ह्यूटिफायवर उभं होतं, त्यांना फ्रेमवर्क बदलायची कितीही इच्छा असली तरी बसून राहावं लागलं. तुमच्या फ्रेमवर्कचा वेग मग तुमची यूआय लायब्ररी ठरवते.

रिॲक्टमध्येही हे होतं, फक्त सौम्य. रिॲक्ट १९ डिसेंबर २०२४ मध्ये आलं, तेव्हा अँट डिझाइनच्या पाचव्या व्हर्जनला एक वेगळं पॅच पॅकेज जोडावं लागत होतं, कारण मेसेज आणि कन्फर्म यांसारख्या गोष्टी रेंडर करायची जुनी पद्धत रिॲक्टने काढून टाकली होती. पॅच मिळालं, वेळेत मिळालं, म्हणून मी याला दोष न मानता चांगली खूण मानतो. लायब्ररी तपासताना मी तिचे गिटहबवरचे स्टार बघत नाही. रिॲक्टचं मागचं मेजर व्हर्जन आल्यावर हिला जुळवून घ्यायला किती वेळ लागला, ते बघतो. मग चेंजलॉग उघडतो आणि ‘ब्रेकिंग’ शब्द शोधतो. मग इश्यूंमध्ये (तिथे नोंदवलेल्या तक्रारींत) ‘फोकस’ आणि ‘स्क्रीन रीडर’ शोधतो. अशा तक्रारींना उत्तर कसं मिळतं, की बॉट येऊन त्या ‘जुन्या झाल्या’ म्हणून बंद करतो, यावरून टीमचा स्वभाव कळतो.

लायब्ररीमागे कोण आहे हेही बघायचं, पण ‘मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित’ एवढ्या भोळेपणाने नको. अँट डिझाइनमागे अँट ग्रुप आहे, म्हणजे मोठंच नाव. तरी २५ डिसेंबर २०१८ ला जगभरातल्या ॲपमधल्या बटणांवर अचानक बर्फ साचला आणि टूलटिपमध्ये ‘हो हो हो’ दिसायला लागलं, कारण कुणीतरी नाताळची गंमत म्हणून तारीख बघून चालणारा कोड लायब्ररीत आधीच टाकून ठेवला होता. सरकारी आणि गंभीर कामाच्या साइटवरही तो दिसला. त्यांनी माफी मागितली, तो कोड काढला. आज अँट घेऊ नका असं मी यावरून म्हणत नाही. एवढंच की व्हर्जन लॉक करा, अपग्रेड करताना डिफवर एक नजर टाका. रॅडिक्सची गोष्ट वेगळी आहे. तो मॉड्यूल्झ नावाच्या लहान कंपनीने बनवला, २०२२ मध्ये ती वर्कओएसने घेतली, आणि नंतर मूळ लोकांपैकी काही बेस यूआयवर काम करायला लागले. कोड जागेवर आहे, चालतोही. पण माणसं हलली की वेग बदलतो. आज नव्याने हेडलेस निवडायचं तर मी रिॲक्ट एरिया आणि बेस यूआय आधी बघेन.

सर्व्हर कंपोनंट (सर्व्हरवरच रेंडर होणारे रिॲक्टचे कंपोनंट) वापरणार असाल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: ब्राउझरमध्ये चालता चालता सीएसएस तयार करणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे इमोशनच्या वंशातल्या, सर्व्हर कंपोनंटच्या आत चालत नाहीत. त्यांना क्लायंट कंपोनंटच्या हद्दीत ठेवावं लागतं. मँटीन सातव्या व्हर्जनपासून सीएसएस मॉड्यूलवर गेली ती काही उगीच नाही. तुमच्या ॲडमिन पॅनलला याने काही फरक पडत नाही, लॉगिनच्या आतलं सगळं ॲप ब्राउझरमध्ये चाललं तरी कुणाचं बिघडत नाही. पोर्टलला पडेल.

बंडलच्या, म्हणजे ब्राउझरला उतरवाव्या लागणाऱ्या कोडच्या, आकारावर लोक फार तावातावाने बोलतात. पॅनलसाठी तो विषय सोडून द्या, फक्त आयकॉन एकेक करून इम्पोर्ट करा म्हणजे डेव्हलपमेंट सर्व्हर रडणार नाही. पोर्टलसाठी मात्र मोजा, आणि किलोबाइट मोजण्याऐवजी परिणाम मोजा: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसतोय का, क्लिकनंतरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत येतोय का. गूगलच्या वेब व्हायटल्समधल्या ‘चांगलं’ म्हणायच्या मर्यादा याच आहेत. आपल्या लॅपटॉपवर सगळंच झटपट चालतं, तेव्हा ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये प्रोसेसर मंद करून बघा.

आता प्रत्यक्ष निवड कशी करायची. दोन लायब्रऱ्यांवर या. तीन नको, तिसरीला कुणी न्याय देत नाही. मग पॅनलमधली सगळ्यात त्रासदायक स्क्रीन घ्या, तुमच्या बाबतीत ती गोठवलेल्या कॉलमांच्या टेबलाची, आणि ती दोन्हींत बांधा. टेबल, त्यावर फिल्टर, एका ओळीवर क्लिक केलं की उघडणारा मोडल, मोडलमध्ये फॉर्म, फॉर्ममध्ये शोधता येणारा ड्रॉपडाउन आणि तारीख. थीम डिझायनरच्या रंगांची लावा. दोन वेगवेगळ्या माणसांनी बांधा आणि मग अदलाबदल करून एकमेकांच्या कोडमध्ये एक बदल करा. दुसऱ्याने लिहिलेलं वाचताना लायब्ररीची खरी ओळख होते. माउस काढून ठेवा आणि सगळा फॉर्म कीबोर्डने भरा. मोडल बंद केल्यावर फोकस त्याच ओळीवर परत येतो का ते बघा. पान ४०० टक्के मोठं करा. डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या (अपंगांनाही वापरता येण्याच्या) नियमावलीप्रमाणे ३२० पिक्सेल रुंदीतही आडवं स्क्रोल न करता मजकूर वाचता आला पाहिजे. रुंद टेबलाला त्यातून सूट आहे, त्याच्या भोवतालच्या फॉर्मला नाही. मग एनव्हीडीए किंवा व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर लावून डोळे मिटून तो ड्रॉपडाउन वापरा. एवढं केलं की बहुतेक वेळा मतदानच घ्यावं लागत नाही.

तुमच्या माहितीवरून माझा कौल असा. पॅनलसाठी अँट डिझाइन, तुमच्या टेबलाच्या गरजांमुळे. दुसरा उमेदवार मँटीन आणि तिच्याबरोबर टॅनस्टॅक टेबल. मँटीनचा कोड वाचायला मला जास्त आवडतो, पण टेबल जोडण्याचं काम तुमच्याकडे येईल. डेटा ग्रिडचा परवाना मंजूर होणार असेल तर एमयूआयही चालेल, मग अँटशी फरक फारसा उरत नाही. चक्रा वाईट नाही, पण टेबलप्रधान पॅनलसाठी ती बनलेलीच नाही. पोर्टलसाठी यातलं काहीच आज ठरवू नका. तिथे डिझायनरचं स्वतःचं रूप हवं असणार, लोक बाहेरचे असणार, मोबाइलवर असणार. तिथे शॅडसीएनच्या पद्धतीने हेडलेसवर स्वतःचे पंधरा-वीस कंपोनंट हेच बरं पडेल असा माझा अंदाज आहे, पण तो डिझायनरच्या उत्तरावर अवलंबून आहे. त्या पोर्टलमधून युरोपियन युनियनमधल्या ग्राहकांना विक्री होणार असेल तर ॲक्सेसिबिलिटी ऐच्छिक राहिलेली नाही. तिथला ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू आहे, आणि ऑनलाइन विक्री त्यात येते. तसं असेल तर रिॲक्ट एरियाला माझं मत एक पाऊल पुढे.

‘चार जणांत दोन लायब्रऱ्या?’ असं तुम्ही विचाराल. हो. एकच लायब्ररी दोन्हीकडे ताणली की पॅनल गरजेपेक्षा नटलेलं होतं आणि पोर्टल पॅनलसारखं दिसतं. सामायिक ठेवायचे ते कंपोनंट नकोत, टोकन ठेवा: रंग, अंतरं, फॉन्टचे आकार, गोलाई. हे सीएसएस व्हेरिएबल म्हणून एका छोट्या पॅकेजमध्ये, आणि दोन्ही थीम तिथूनच वाचतील असं. डिझायनरकडून अर्ध्या वेळात हे एवढंच मागा, पूर्ण कंपोनंटची चित्रं नको.

राहिला वेष्टणाचा मुद्दा, म्हणजे लायब्ररीच्या प्रत्येक कंपोनंटभोवती आपला एक कंपोनंट गुंडाळायचा, उद्या बदलायला सोपं जावं म्हणून. सगळ्यांना गुंडाळू नका. बटण बदलणं तसंही सोपं असतं आणि ज्या लायब्ररीतून बाहेर पडायचं तिच्याच प्रॉप्सची (कंपोनंटला बाहेरून दिलेल्या सूचनांची) नावं वेष्टणात उतरलेली असतात, मग त्या वेष्टणाचा उपयोग काय? चारच गोष्टी गुंडाळा: टेबल, तारीख, शोधता येणारा ड्रॉपडाउन आणि नोटिफिकेशन. त्यांचे प्रॉप्स तुमच्या कामाच्या भाषेत ठेवा. तारखेच्या कंपोनंटने बाहेर साधी आयएसओ स्ट्रिंग (ठरलेल्या स्वरूपातला मजकूर) द्यावी, लायब्ररीचा तारीख ऑब्जेक्ट नको. अँटने पाचव्या व्हर्जनमध्ये मोमेंट ही तारखांची लायब्ररी सोडून डेजेएस ही दुसरी घेतली तेव्हा ज्यांच्या कोडमध्ये मोमेंटचे ऑब्जेक्ट सगळीकडे फिरत होते त्यांना प्रत्येक फॉर्म उघडावा लागला. ज्यांनी स्ट्रिंग ठेवली होती त्यांनी एक फाइल बदलली. आणि या चार गोष्टी लायब्ररीतून थेट इम्पोर्ट होऊ नयेत म्हणून ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा नो-रिस्ट्रिक्टेड-इम्पोर्ट्स नियम पहिल्याच दिवशी लावा. तोंडी ठरवलेलं पहिल्या घाईच्या रिलीजपर्यंतच टिकतं.

ती अवघड स्क्रीन दोन्हींत बांधून झाली की कुठे अडलं ते इथेच कळवा, विशेषतः जागेवरच्या संपादनात टॅब दाबल्यावर फोकस कुठे जातो ते. अँटमध्ये तेवढंच एक ठिकाण आहे जिथे तुम्हाला हाताने बरंच लिहावं लागेल असं मला वाटतं.